भूल देण्याआधीचे प्रश्न

परिषदेत भाषणाला उभं राहण्याआधी सूत्रसंचालक वक्त्याची ओळख वाचून दाखवतात. माझीही वाचतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस, तिथूनच बधिरीकरणशास्त्रात एमडी, मग सीनिअर रेसिडेन्सी, सहाय्यक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्रबंधाची मार्गदर्शक, विद्यापीठाची परीक्षक. यादीतलं सगळं खरं असतं, पण ऑपरेशन थिएटरमध्ये मी रोज कशाच्या भरवशावर काम करते, ते त्यातून कळत नाही. औषधांचे डोस पुस्तकात आहेत. यंत्र कसं चालवायचं ते कंपनीचा माणूस येऊन समजावून जातो. टेबलावर येणाऱ्या माणसाला आदल्या दिवशी काय विचारायचं आणि त्याच्या उत्तरातलं किती धरून चालायचं, हे मात्र मला घुग्घुसनं शिकवलं.

घुग्घुस चंद्रपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातलं वणी. गावाभोवती कोळसा खाणी, एक सिमेंट कारखाना, एक स्पंज आयर्नचा कारखाना. माझे बाबा खाणकामगार. आमच्या घरातली कामं पाळीवर चालायची: पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. बाबा रातपाळीहून येऊन झोपले की आम्ही भावंडं अंगणात अभ्यास करायचो. कॉलनीत एका भिंतीला तेलुगू बोलणारं कुटुंब, दुसऱ्या भिंतीला बिहारहून आलेलं, समोर वऱ्हाडी. दोरीवरचा पांढरा शर्ट घरात आणण्याआधी झटकायचा, ही सवय नागपूरच्या हॉस्टेलमध्येही सुटली नाही, तेव्हा रूममेट हसायच्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुण घेऊन चौथं आलं. आमच्या कॉलनीत त्याचं कोणाला नवल वाटलं नाही.

त्या कॉलनीत मी खोकले ओळखायला लागले. एक पहाटेचा, कफ सुटेपर्यंत चालणारा. एक विडीचा, कोरडा. आणि एक बोलता बोलता वाक्य मध्येच तोडणारा. या तिसऱ्या खोकल्याच्या काकांना कोणी विचारलं, "दम लागते का जी?" तर ते म्हणायचे, "नाही बा." यात खोटं काही नसायचं. त्यांनी सायकल सोडलेली असायची. बाजाराची पिशवी मुलगा आणायचा, पाण्याची बादली बायको उचलायची. दम लागेल असं काम त्यांनी आपल्या वाट्याला शिल्लकच ठेवलेलं नसायचं.

हृदय आणि फुफ्फुसांची ताकद जोखायला आमच्या पुस्तकात एक प्रश्न आहे: दोन जिने न थांबता चढता येतात का? बैठ्या क्वार्टरमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. म्हणून मी विचारते, "पाच वर्षांआधी करत होते आणि आता करत नाही, असं काय आहे?" पेशंट विचारात पडतो. उत्तर बहुतेक वेळा शेजारी उभी असलेली बायको देते, आणि ते छातीच्या एक्स-रेपेक्षा जास्त उपयोगाचं असतं.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डातलं एक घर जुन्या भूमिगत खाणीच्या पोकळीत गडप झालं. घरचे वेळेवर बाहेर पडले म्हणून वाचले. धुळीत पंचवीस-तीस वर्षं काढलेल्या माणसाची फुफ्फुसं अशीच असू शकतात. ओपीडीच्या स्टुलावर बसलेला माणूस ठणठणीत दिसतो. पोटाचं ऑपरेशन होतं, टाके दुखतात म्हणून तो खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ आत साचतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खालची पोकळी कळते. अशा माणसाला जमेल तिथे पूर्ण भूल टाळायची, कमरेत इंजेक्शन देऊन किंवा नसेभोवती औषध सोडून तेवढाच भाग बधिर करायचा, ऑपरेशनच्या जमेल तितकं आधी विडी सोडवायची आणि नंतर दुखणं आटोक्यात ठेवून त्याला दुसऱ्या दिवशी उठवून बसवायचं. यात महागडं काही नाही. फक्त हा माणूस कुठे काम करतो, ते आधी विचारलेलं असलं पाहिजे.

नागपूरच्या मेडिकलमध्ये पीजीला मी ही शाखा घेतली, तेव्हा घरी पहिला प्रश्न आला, "म्हणजे ऑपरेशन तू नाही करणार?" आईनं शेजारणींना सांगताना "बेहोशीची डॉक्टर" असं सांगितलं, आणि त्यांना ते पुढच्या प्रश्नांशिवाय पटलं. वॉर्डात आजही निम्मे पेशंट मला सिस्टर म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करायची. आता करत नाही, कारण सिस्टरशी ते मोकळं बोलतात.

रेसिडेन्सीचा दिवस यंत्र तपासण्यापासून सुरू व्हायचा. ऑक्सिजनचा दाब बघायचा, राखीव सिलिंडर उघडून बघायचा, नळ्या कुठे गळतात का ते बघायचं, सक्शन चालू करून हातावर लावून बघायचं, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का ते बघायचं. औषधं सिरिंजमध्ये भरून प्रत्येकीवर नाव लिहायचं, कारण पाण्यासारखी दिसणारी पाच औषधं एका ट्रेमध्ये असतात आणि त्यातलं एक श्वास थांबवणारं असतं. आमचे सर यंत्राकडे न बघता आम्हाला विचारायचे, "वीज गेली तर काय करशील?" उत्तर एकच होतं: अंबू बॅग हाताशी ठेवलीय, सर. हातानं दाबून श्वास द्यायची ती पिशवी पेशंटच्या डोक्याशी टांगलेली दिसली नाही तर ते सुरुवात करू द्यायचे नाहीत.

भूल म्हणजे झोपेचं इंजेक्शन, असं बाहेर समजतात. पूर्ण भुलेत आम्ही तीन वेगळी कामं करतो: शुद्ध घालवतो, वेदना थांबवतो आणि स्नायू ढिले करतो. स्नायू ढिले झाले की श्वासाचे स्नायूही थांबतात. त्या क्षणापासून श्वासनलिकेत नळी जाईपर्यंतचा वेळ हा आमच्या कामातला सगळ्यात अवघड वेळ. आधी तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजन नीट दिला तर निरोगी माणूस पुढची काही मिनिटं तग धरतो. तो दिला नाही तर मिनिट-दीड मिनिटात रक्तातला ऑक्सिजन कोसळायला लागतो. गरोदर बाईत, लठ्ठ माणसात आणि लहान मुलात तर फारच लवकर. म्हणून नळी घालणं कठीण जाईल का, हे औषध देण्याच्या आधी कळायला हवं.

ते ओळखायची जगभर वापरली जाणारी एक साधी पद्धत आहे. पेशंटला समोर बसवायचं, तोंड पूर्ण उघडायला सांगायचं, जीभ बाहेर काढायला सांगायची आणि घशातलं काय काय दिसतं ते बघायचं. बोस्टनमध्ये काम करणारे, मूळचे आंध्रातले शेषगिरी राव मल्लमपती यांनी १९८५ साली ही पद्धत मांडली आणि ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. परीक्षेत आम्ही विद्यार्थ्यांना तिचे चार वर्ग विचारतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पेशंटमध्ये मात्र अडचण वर्ग ठरवण्याच्या आधीच येते. जीभ बाहेर येण्यापुरतं तोंडच उघडत नाही.

कारण खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून पानठेल्यावर मिळतो. राज्यात गुटखाबंदी २०१२ साली आली, पण खर्रा पानठेल्यावरच तयार होतो, त्यामुळे तो होता तिथेच राहिला. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर हळूहळू कडक होतं, त्यात तंतू माजतात आणि जबडा आखडत जातो. आमच्याकडे याची तपासणी म्हणजे पेशंटची स्वतःची तीन बोटं. ती उभी धरून तोंडात गेली पाहिजेत. पंचविशीतल्या पोरांची दोन जातात. काहींचं एकच बोट जातं, आणि त्यांना ते माहीतही नसतं, कारण भात-वरणाला तेवढं पुरतं.

"काही व्यसन?" असं विचारलं की उत्तर येतं, "कायी नाही जी."

"खर्रा?"

"खर्रा तं सारेच खातेत मॅडम, त्याले का व्यसन म्हणतेत का?"

म्हणून माझ्या रेसिडेन्टना मी सांगते, व्यसन हा शब्दच वापरू नका. दिवसाला किती पन्न्या लागतात, ते विचारा. आकडा लगेच येतो. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या पुढाकारानं 'मुक्तिपथ' ही दारू आणि तंबाखू कमी करण्याची मोहीम चालते. तिथले कार्यकर्ते गावात बसून जे बोलतात, तेच आम्हाला ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी खाटेशी बसून बोलावं लागतं.

ज्याचं तोंड उघडत नाही त्याला आधी झोपवून मग नळी घालायला जाणं म्हणजे परतीचा रस्ता बंद करणं. अशा पेशंटला जागेपणी, नाकातून, बारीक दुर्बिणीच्या आधारानं नळी घालतात. घसा आणि श्वासनलिका लिग्नोकेननं बधिर करायची आणि पेशंटशी बोलत बोलत पुढे सरकायचं. हे कौशल्य हातात यायला वेळ लागतो, पण खरं काम त्याच्या आधीचं असतं. समोरच्याला पटवून द्यावं लागतं की तू जागा राहशील, खोकला येईल, घाबरू नकोस, श्वास तुझा तूच घेणार आहेस. हे त्याच्या बोलीत सांगितलं की तो शांत राहतो. प्रमाण मराठीत सांगितलं तर मान हलवतो आणि ऐन वेळी हात झटकतो. हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

दारूबद्दल विचारणं याहून कठीण. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला ती लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असावी की नसावी, यावर माझं मत इथे महत्त्वाचं नाही. पेशंट बोलेनासा होतो, एवढं मात्र मी सांगू शकते. पिणं हा गुन्हा असला की डॉक्टरांच्या कागदावर ते लिहून घ्यायला कोणी तयार होत नाही. रोज पिणाऱ्याला झोपवायला औषध जास्त लागतं. त्याचं यकृत बिघडलेलं असेल तर रक्त लवकर गोठत नाही, आणि मग कमरेत सुई टोचायची की नाही, याचा विचार करावा लागतो. शिवाय ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांनी दारू न मिळाल्यानं तो थरथरायला लागतो, भिंतीवर माणसं दिसतात, सलाईन उपटून टाकतो. नातेवाइकांना वाटतं, भुलेनं डोकं बिघडवलं. म्हणून हा प्रश्न जावयासमोर किंवा वॉर्डात मोठ्यानं विचारायचा नाही. पडदा ओढायचा, आवाज खाली आणायचा, आणि "घेता का?" असं न विचारता "शेवटची कधी घेतली?" असं विचारायचं.

या भागातला तिसरा प्रश्न रक्ताचा. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं. तेव्हापासून विदर्भातल्या डॉक्टरांना हा आजार परका नाही. ऑक्सिजन कमी पडला, शरीर थंड पडलं, पाणी कमी झालं किंवा रक्तातलं आम्ल वाढलं, की या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. आणि ऑपरेशन थिएटर ही या चारही गोष्टी एकाच वेळी घडू शकतील अशी जागा. रात्रभर उपाशी ठेवलेला पेशंट, एसीची थंडी, थंड सलाईन आणि भूल.

चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर असतो. थिएटरमध्ये सर्जन घामाघूम होऊन एसी वाढवा म्हणतात आणि सिकलसेलचा पेशंट टेबलावर असेल तर मी तो कमी करायला सांगते. सलाईन कोमट करून लावायचं, पेशंटला पांघरूण घालायचं, उपाशी ठेवण्याच्या काळात शिरेतून पाणी चालू ठेवायचं, हाडाच्या ऑपरेशनमध्ये पाय आवळून बांधण्याआधी दोनदा विचार करायचा. हे सगळं करण्यासाठी त्याला सिकलसेल आहे, हे आधी माहीत हवं. पुष्कळ पेशंटकडे तपासणीचं कार्ड असतं, पण ते घरी पेटीत असतं. लग्नाच्या वयाच्या मुलीचं कार्ड तर मुद्दाम लपवलेलं असतं. देशपातळीवरचं सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ च्या जुलैमध्ये सुरू झालं, त्यामुळे तपासण्या वाढल्या. आता ते कार्ड ऑपरेशनच्या फाइलमध्ये यायला हवं.

जंगलाचे पेशंट वेगळे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला बाया पहाटे अंधारात निघतात आणि अस्वलाशी गाठ पडते. अस्वल चेहऱ्यावर जातं. नाक फाटलेलं, जबडा मोडलेला, तोंडात रक्त. मास्क बसवायला चेहराच राहिलेला नसतो, म्हणून पाठ्यपुस्तकातली पहिली पायरीच नाहीशी होते. अशा वेळी पेशंटला आडवं न करता बसलेलं ठेवायचं, पुढे वाकू द्यायचं, रक्त बाहेर पडू द्यायचं आणि कान-नाक-घशाच्या सर्जनला गळ्यापाशी तयार उभं करायचं. झोपवायची घाई करायची नाही.

पावसाळ्यात मण्यार. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, फारसं दुखत नाही, सूजही नसते. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि मग श्वास. नागाचं विष नस आणि स्नायू यांच्या जोडावर स्नायूच्या बाजूनं अडसर घालतं, त्यामुळे आम्ही भूल उतरवताना देतो त्या निओस्टिग्मिननं बऱ्याचदा फरक पडतो. मण्यारीचं विष नसेचं टोकच निकामी करतं. ते पुन्हा वाढेपर्यंत दिवस जातात, आणि तोवर श्वास यंत्रानं द्यावा लागतो. असा पेशंट पापणीही हलवू शकत नाही, म्हणून नातेवाइकांना तो गेल्यासारखा वाटतो. पण त्याला ऐकू येत असतं. रेसिडेन्टनी त्याच्या खाटेपाशी उभं राहून "आता काही खरं नाही" असं बोलायचं नाही, आणि सक्शन करण्याआधी त्याला नावानं हाक मारून सांगायचं, हा आमच्या आयसीयूतला नियम. आठवड्याभरानं नळी निघाल्यावर एका बाबांनी, कोणत्या डॉक्टरनं आपल्यासमोर काय म्हटलं, ते सगळं सांगितलं होतं.

यंत्र नसताना काय करायचं, याचं उत्तर १९५२ साली कोपनहेगनमध्ये मिळालं. पोलिओची साथ होती आणि श्वासाची यंत्रं अपुरी. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं पेशंटच्या गळ्यात छिद्र करून नळी घातली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना पाळ्या लावून हातानं पिशवी दाबायला बसवलं. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी हे काम केलं. आजचं अतिदक्षता शास्त्र तिथून सुरू झालं, असं मानतात. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, कोविडच्या लाटेत, ऑक्सिजनचे टँकर कधी येतील याची वाट बघत आम्ही वॉर्डात उभे होतो, तेव्हा मी माझ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगितली. पाळ्यांचं वेळापत्रक भिंतीवर लावलं. खाणकामगाराच्या मुलीला ते लावायला वेळ लागला नाही.

आमच्या शाखेचा इतिहास शिकवताना सगळे १८४६ च्या बोस्टनपासून सुरुवात करतात. तिथे मॉर्टननं ईथर देऊन दाखवलं. मी हैदराबादही सांगते. घुग्घुसहून हैदराबाद मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे का, हे तपासायला तिथे १८८८ आणि १८८९ साली निजामाच्या मदतीनं दोन आयोग बसले. त्याच काळात रूपाबाई फरदूनजी तिथे क्लोरोफॉर्म देत होत्या. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. वर्गातल्या मुली हे ऐकून वहीत लिहून घेतात, परीक्षेत येणार नसलं तरी.

शिकवण्याच्या कामात मला सगळ्यात खटकतं ते प्रबंधाच्या विषयांचं. एमडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रबंध करावा लागतो. बहुतेक विषय असे असतात: अमुक औषध या डोसमध्ये की त्या डोसमध्ये, या नळीनं की त्या नळीनं. असे प्रबंध देशात कुठेही होऊ शकतात. खर्ऱ्यानं आखडलेलं तोंड, सिकलसेल असलेल्या बाईचं सिझेरियन, धुळीत काम केलेल्या माणसाची ऑपरेशननंतरची फुफ्फुसं, हे विषय आमच्या दारात रोज येतात आणि नोंद न होता परत जातात. विद्यार्थी म्हणतात, मॅडम, पेशंट सारखे मिळत नाहीत, तुलना करता येत नाही. मी सांगते, नोंद तरी ठेवा, पुढचा विद्यार्थी त्यावरून पुढे जाईल. गेली काही वर्षं माझ्याकडे येणाऱ्याला मी इथलाच विषय देते.

आणखी एक प्रश्न अंतराचा. भामरागडहून गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. अडलेल्या बाईला सिझेरियन लागलं आणि तिथे सर्जन असला, पण भूल देणारं कोणी नसलं, तर तिला पुढे पाठवावं लागतं. सरकारनं यावर एक उपाय काढला होता: एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन तातडीच्या बाळंतपणासाठी भूल द्यायला तयार करायचं. माझ्या शाखेतल्या काहींना ते आवडलं नाही, मला ते पटलं. अशा डॉक्टरांना शिकवताना मी सुरुवात कमरेतल्या इंजेक्शनपासून करत नाही. रक्तदाब कोसळला, श्वास थांबला, बाळ रडलं नाही, तर पहिल्या मिनिटात काय करायचं, ते हातात बसेपर्यंत पुतळ्यावर करून घेते. नवजात बाळाची अवस्था जोखायची अपगार पद्धतही एका भूलतज्ज्ञ बाईंचीच देणगी, व्हर्जिनिया अपगार यांची. बाळ आलं की सगळे बाळाकडे बघतात. मी शिकवते की एकानं आईकडेच बघत राहायचं.

चंद्रपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ साली सुरू झालं, गडचिरोलीत २०२४ साली. इमारती आणि जागा हा त्यातला बातमीचा भाग. माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट ही की आता तिथला विद्यार्थी पहिल्याच वर्षापासून खर्ऱ्याचं तोंड, सिकलसेलचं कार्ड आणि मोहफुलांच्या हंगामातली जखम बघेल. मला यातल्या काही गोष्टी लहानपणीच्या शेजाऱ्यांमुळे कळल्या. शहरातून येणाऱ्या मुलांना तसे शेजारी नसतात. त्यांना हे वॉर्डातच शिकवावं लागतं.

विदर्भाचा संबंध असलेलं एक मोठं काम इथे सांगायला हवं. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातलं उटी हे आत्माराम गावंडे यांचं गाव. ते अमेरिकेत सर्जन झाले, त्यांचा मुलगा अतुल गावंडेही सर्जन झाला. अतुल गावंडे यांच्या पुढाकारानं जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली ऑपरेशनच्या वेळची १९ मुद्द्यांची एक यादी आणली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंटला बाहेर नेण्याआधी थांबायचं, आणि मोठ्यानं विचारायचं: हाच पेशंट ना, हीच बाजू ना, ॲलर्जी आहे का, नळी घालायला कठीण जाईल का, रक्त तयार आहे का. दिल्लीसह आठ शहरांत ती वापरून बघितली, तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. २००९ साली तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढे २०११ मध्ये त्यांनी 'लाइफबॉक्स' ही संस्था सुरू केली. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर नसलेल्या थिएटरांपर्यंत ते पोचवणं, हे तिचं काम. भूल देणाऱ्याच्या हातात एकच यंत्र द्यायचं झालं तर ते हेच असावं.

या यादीत एक मुद्दा आहे: चिरा देण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. आमच्याकडे ती पहिल्यांदा वापरली तेव्हा सगळे संकोचले. वर्षानुवर्षं एका खोलीत उभी असलेली माणसं एकमेकांना "अहो", "सिस्टर", "मामा" म्हणत होती. नाव सांगितल्यावर वॉर्डबॉयनं त्याच दिवशी सर्जनना थांबवून सांगितलं की पेशंटच्या नाकातली चमकी काढायची राहिली आहे. याआधी त्यानं ते मला हळूच सांगितलं असतं किंवा सांगितलंच नसतं. प्रश्न विचारायची आणि उत्तर द्यायची मुभा खोलीतल्या सगळ्यांना असली की पेशंट सुरक्षित राहतो. माझ्या आजवरच्या कामाचा निष्कर्ष एवढाच आहे.

म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या घरात कोणाचं ऑपरेशन ठरलं, तर भूलतज्ज्ञ कोण आहे ते विचारा आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी त्यांना भेटा. खर्रा, विडी, दारू यांतलं काय आणि किती, ते खरं सांगा. खाणीत, गिरणीत, कारखान्यात किती वर्षं काढली, ते सांगा. सिकलसेलचं कार्ड पेटीतून काढून फाइलला लावा. घरातल्या कोणाला भुलेचा त्रास झाला होता का, रोजच्या गोळ्या कोणत्या, दात हलतो का, हेही सांगा. जेवण कधी बंद करायचं ते विचारून घ्या, आणि दुधाचा चहा हे पाणी नव्हे, हे लक्षात ठेवा. सकाळी अर्धा कप घेतला असेल तर सांगा. ऑपरेशन काही तास पुढे जाईल, एवढंच. यातलं काहीही आम्ही सासरच्यांना किंवा मालकाला सांगायला जात नाही. औषधाचा डोस किती आणि नळी कोणत्या वाटेनं, हे ठरवण्यासाठी ते आम्हाला हवं असतं.